रेघेला पाणी लागेपर्यंत

गद्रे बाई दर महिन्याच्या एक तारखेला एक पोस्टकार्ड लिहीत. पत्ता तात्याशेठचा, वाघोलीचा. त्यावर ना नमस्कार, ना आशीर्वाद. मधोमध एकच ओळ: "पाणी रेघेच्या खाली एकोणीस फूट सात इंच." खाली सही आणि तारीख. वारज्याच्या घरापासून पोस्टाच्या पेटीपर्यंत त्या स्वतः चालत जात. कार्ड टाकलं की पेटीच्या तोंडात दोन बोटं घालून ते नीट आत पडलं का, ते चाचपत.

मी एकदा म्हटलं, "बाई, व्हॉट्सॲपवर टाका ना. फुकटात जाते."

त्या म्हणाल्या, "व्हॉट्सॲप तो एकटाच वाचेल. पोस्टकार्ड आधी पोस्टमन वाचतो, मग वॉचमन, मग सून, मग ऑफिसातला हिशेबनीस. सगळ्यांचं वाचून झालं की तो वाचतो. घाई कसली आहे?"

बाई सरकारी भूजल खात्यातून निवृत्त झालेल्या. उभा जन्म गावोगावच्या विहिरींची खोली मोजण्यात गेला. लग्न केलं नव्हतं. पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, सुती साडी, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट आणि पिशवीत लोखंडी टेप. लोक म्हणत, म्हातारी खडूस आहे. होती. मी पुण्यात आल्यापासून माझ्या बाजूने उभं राहिलेलं पहिलं माणूस म्हणजे ती खडूस म्हातारी, म्हणून हे लिहायला बसलोय. मी आठवी नापास आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी नाकाडे, भंडारा जिल्ह्यातला, लाखांदूरकडचा. आमच्याकडे गावाला तलाव, शेताला बोडी म्हणजे छोटं तळं, पाण्यात शिंगाडे. पाणी विकत घेतात हे मला पुण्यात येऊन कळलं. वाघोलीत तात्याशेठचा टँकर पॉइंट होता. एक खोल बोअर, त्यावर दांडगी मोटार, आणि दिवसभर रांगेत उभे टँकर. तिथे मी पंपावर लागलो. बटण दाबायचं, टँकर भरायचा, बटण बंद करायचं. आणि वहीत लिहायचं: टँकरचा नंबर, चालू किती वाजता, बंद किती वाजता. ड्रायव्हर लोक मधल्या मध्ये एखादी खेप विकून टाकतात असा शेठला संशय. म्हणून दर महिनाअखेर तो ती वही घेऊन बसे, ड्रायव्हरांचे पैसे कापे आणि प्रत्येक पानाखाली सही करे. राहायला पंपाशेजारीच पत्र्याची खोली होती. नोकरी गेली तर खोली जाईल, खोली गेली तर कुठे जाऊ, हा घोर मला रोज सकाळी चहाच्या आधी लागायचा.

पॉइंटच्या कुंपणापलीकडे वीस गुंठ्यांचा तुकडा होता. त्यात चाळीस लिंबाची झाडं, एक दगडी बांधाची विहीर आणि दोन खोल्यांचं घर. तिथे कुमुदताई राहत, बाईंची धाकटी बहीण. पिशवी भरून लिंबं घेऊन आठवड्यातून दोनदा मंडईत जात. ताई गोड होत्या. कुंपणावरून मला लोणचं देत. विहिरीच्या आतल्या बाजूला त्यांनी लाल रंगाने एक आडवी रेघ मारली होती. भर मे महिन्यात पाणी त्या रेघेला असायचं, वर्षानुवर्षं.

शेठचा बोअर सुरू झाला आणि पाणी रेघेवरून सुटलं.

बाईंची आणि माझी पहिली भेट त्याच कुंपणावर झाली. सकाळची वेळ. मी नुकताच पंप लावला होता. पलीकडून आवाज आला, "अहो पंपवाले, किती वाजता चालू केलात?"

मी घाबरलो. वाटलं, सरकारी माणूस. म्हटलं, "सात वाजून दहा मिनटं, मॅडम."

"बरं. बंद कराल तेव्हाही सांगा. आणि मॅडम नको, बाई म्हणा. मॅडम म्हटलं की मला कोणीतरी काहीतरी विकायला आल्यासारखं वाटतं."

त्यांनी टेपचा शेवटचा हातभर भाग खडूने पांढरा केला, विहिरीत सोडला, वर ओढला. खडू जिथवर भिजला तिथली खूण वाचून कागदावर लिहिली. अर्ध्या तासाने पुन्हा. दुपारपर्यंत त्या तशाच बसल्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन, विहिरीच्या काठावर.

मग एके दिवशी कुमुदताई शेठला भेटायला पॉइंटवर आल्या. हातात लिंबांची पिशवी, त्याच्यासाठीच आणलेली. म्हणाल्या, "अहो शेठ, दिवसातले चार तास तरी पंप बंद ठेवाल का? झाडं वाळायला लागलीत." पाच-सहा ड्रायव्हर उभे होते. शेठ खुर्चीतून उठलाही नाही. म्हणाला, "आज्जी, पाणी जमिनीखाली असतं. त्याच्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं." ड्रायव्हर हसले. मग तो माझ्याकडे वळला. "ए नाकाड्या, लाव रे पंप. आज्जींना आवाज ऐकू दे."

मी लावला.

ताई पिशवी तिथेच ठेवून गेल्या. त्यानंतर त्यांनी कुणाकडे काही मागितलं नाही. झाडं एकेक करून वाळली. पुढच्या उन्हाळ्यात ताई गेल्या. बाई मला नंतर म्हणाल्या, "दाखल्यावर हृदयविकार लिहिलंय. मी लिंबं लिहिते." ताईंचे दिवस झाल्यानंतरच्या पहिल्या एक तारखेला शेठला पहिलं पोस्टकार्ड आलं. ते मीच वॉचमनकडून घेऊन शेठच्या टेबलावर ठेवलं होतं. शेठने वाचलं, हसला आणि त्याने दात कोरला.

त्याच पावसाळ्याआधी बोअरमधलं पाणी खाली गेलं, मोटार कोरडी चालली आणि जळाली. शेठ म्हणाला, झोपला असशील. मी झोपलो नव्हतो. मी दोनदा सांगितलं होतं की पाणी तुटतंय, पंप थांबवू का. त्याने चार महिन्यांचा राहिलेला पगार मोटारीपायी बुडवला आणि खोली रिकामी करायला लावली. मी ट्रंक घेऊन रस्त्यावर आलो. गावी जायला तोंड नव्हतं. म्हाताऱ्या बापाला सांगितलं होतं की पुण्यात परमनंट झालो.

एका ओळखीच्या प्लंबरने झोपायला जागा दिली. दुसऱ्या दिवशी मी वारज्याला बाईंच्या दारात उभा राहिलो. पगाराचं रडगाणं गायला नव्हतो गेलो. तो पंपाचा आवाज माझ्या कानातून जात नव्हता.

"काय हवंय?"

"माफी मागाले आलो, बाई. तो पंप मीच लावला होता."

"माफी मी ठेवत नाही घरात. आत या, पोहे आहेत."

पोहे वाढता वाढता त्या म्हणाल्या, "तुमचा पंप चालू झाला की आमची विहीर उतरते. बंद झाला की चढते. माझ्याकडे विहिरीचे दोन वर्षांचे आकडे आहेत, मी नसताना कुमुदने घेतलेले धरून. पण पंप केव्हा चालू होता, केव्हा बंद, ते मी कुंपणावरून विचारलेले दहा-वीस दिवस सोडले तर नाही. कोर्टात मी सांगेन आणि तो म्हणेल, बंद होता. काही आठवतंय का तुम्हाला?"

मी म्हटलं, "आठवाचं काहून, बाई? लिहून हाय ना सगळं."

बाईंच्या हातातला पळा तिथेच थांबला.

वह्या माझ्या ट्रंकेत होत्या. भरलेली वही शेठ माझ्याकडे फेकायचा, "रद्दीत घाल." मला घालवत नव्हती. आठवी नापास माणूस मी, अख्ख्या जन्मात स्वतःच्या हाताने लिहिलेलं एवढंच. कपड्यांखाली रचून ठेवल्या होत्या, अकरा वह्या. प्रत्येक पानावर माझं अक्षर आणि खाली तात्याशेठची सही. ड्रायव्हरांना चोर ठरवायला केलेली.

बाईंनी पहिली वही उघडली, चष्मा पुसला, पुन्हा उघडली. म्हणाल्या, "अहो नाकाडे, ह्या माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःच्या कपाळावर शिक्का मारून घेतलाय. अकरा वह्या! पोहे आणखी घ्या. घ्या हो, लाजू नका. आजपासून तुम्हाला ह्या घरात पोहे आहेत."

मग कितीतरी रविवार आम्ही त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसलो. मी वही वाचायचो, त्या त्यांचे कागद जुळवायच्या. "सकाळी सात दहा, चालू." "सात दहाला विहीर बावीस फूट. आठला बावीस फूट पाच इंच. पुढे?" "दुपारी एक चाळीस, बंद." "तीनला थोडी चढली. सहाला आणखी थोडी. पण सकाळच्या खुणेपर्यंत आली नाही. बघा, रोज एक बोट बाकी राहतंय. पंप चालू असताना विहीर उतरणारच, त्यात नवल नाही. पंप बंद झाल्यावर ती परत किती येते, त्यावर विहीर कळते. माणूसही."

एकदा मी विचारलं, "एवढं सिद्ध झालं तर सगळं परत भेटेल ना, बाई?"

त्या उठल्या, ओट्यावरचं फडकं नळाखाली भिजवून माझ्या हातात दिलं. "ह्याच्यात पाणी आहे?"

"आहे."

"पिळा." मी पातेल्यात पिळलं. "जोर लावा, लाखांदूरची ताकद दिसू द्या. झालं? अजून फडकं ओलं आहे ना? म्हणजे पाणी आहे. पण निघत नाही. पातेल्यात पडलं तेवढंच आपलं. खडकातल्या पाण्याचं असंच असतं. मी नोकरीभर हेच सांगत आले, आहे किती ते सांगू नका, निघतं किती ते सांगा. कोर्टाचं असंच असतं. नुकसान किती झालं हे एक, त्यातलं मागता किती येतं हे दुसरं, आणि न्यायाधीशांनी दिलेलं हाती किती पडतं हे तिसरं. तात्याशेठच्या खिशाचंही असंच आहे."

"मग पिळायचा कसा त्याला?"

"फडकं पिळायला दोन हात लागतात. एक माझा आहे." आणि माझ्याकडे बघून चहाचं आधण ठेवायला गेल्या.

ताईंच्या वारस म्हणून बाईंनी शिवाजीनगर कोर्टात लावलेला दावा चालला पाच वर्षं. तेवढ्या काळात मी त्या प्लंबरच्या हाताखाली पंपदुरुस्ती शिकलो. साक्षीच्या दिवशी मी सकाळपासून कोर्टात बसून होतो. शेठचा वकील म्हणाला, "शिक्षण?"

"आठवी नापास."

"घड्याळ तरी कळतं का? त्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजलेत सांगा."

मी बघितलं. म्हटलं, "ते बंद हाय, साहेब. मी सकाळपासून बघतोय, बारा वीसला अडकलंय. आत्ता पावणेतीन झाले असतील."

न्यायाधीशांनी मान वर करून घड्याळाकडे पाहिलं, मग मनगटाकडे. लेखनिकाला म्हणाले, "बरोबर आहे. पुढे चला."

वकील चिडला. "तुम्हाला कामावरून काढलं म्हणून तुम्ही सूड उगवायला आलाय, खरं ना?"

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मला खोटं सुचलं नाही. "होय जी," मी म्हणालो. "पण वह्या त्याच्या आधीच्या हायत. आणि सही शेठची हाय."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाई, मी घाण केली."

"अहो, पाच वर्षांत त्या खोलीत एवढं खरं कोणी बोललं नव्हतं. चला, उसाचा रस प्या. आज मी पाजते. रोज नाही."

निकाल आमच्या बाजूने लागला. बोअरला सील ठोकलं. झाडांचे पैसे मिळाले, वाळलेल्या वर्षांतल्या उत्पन्नाचे मिळाले, व्याज लागलं. मनस्तापाचे मागितले होते, ते दिले नाहीत. लिंबांची पिशवी तिथेच ठेवून गेलेल्या ताईंचं काय, याला कायद्यात रकाना नव्हता. बाईंनी निकाल वाचून घडी घातली. "म्हणजे फडक्यात राहिलं ते राहिलं. आता पातेल्यातलं बघू."

पातेलं मात्र रिकामं होतं. टँकर मेहुण्याच्या नावावर, पॉइंटची जमीन बायकोच्या, पांढरी गाडी मुलाच्या. बँकेत चहापाण्यापुरते. शेठ गावभर सांगत फिरला, "म्हातारीने कागद जिंकलाय. म्हणावं, फ्रेम करून लाव." एक तारखेला त्याला कार्ड गेलंच. शिवाय दर आठवड्याला बाई मला विचारत, "नाकाडे, ह्या माणसाचं स्वतःचं असं काय आहे? ज्याच्यावर दुसऱ्या कुणाचं नाव त्याला सहन होणार नाही, असं काय आहे?"

मी आठवडाभर डोकं खाजवलं. मग वाघोलीच्या चौकातून जाताना वर बघितलं आणि हसायला लागलो. शेठच्या वाढदिवसाचा भला मोठा फ्लेक्स. त्यात शेठचा फोटो लहान आणि बैलाचा मोठा. खाली लिहिलं होतं: "घाटाचा राजा, कलेक्टर. एकमेव मालक तात्याशेठ."

कलेक्टर म्हणजे त्याचा शर्यतीचा खोंड. पांढराशुभ्र, शिंगं काजळासारखी. बैलगाड्यांच्या शर्यतीच्या धावेला घाट म्हणतात, त्या घाटावर त्याचं नाव. शेठ त्याला दूध पाजायचा, त्याच्याशेजारी खाट टाकून बसायचा, त्याच्या नावाने मोबाईलवर खातं उघडलं होतं. बाकी सगळं वाटून टाकलं, पण बैल दुसऱ्याच्या नावावर करायला त्याचं काळीज झालं नव्हतं.

बाईंनी जप्तीची दरखास्त दिली. शेठचा वकील उभा राहिला. माझे अशील शेतकरी आहेत, शेतकऱ्याचे बैल जप्त करता येत नाहीत. कायदा तसा आहेच. बाईंच्या वकिलाने मोबाईलवरची एक चित्रफीत दाखवली. त्यात शेठ बैलाच्या गळ्यात हात टाकून सांगत होता, "ह्याच्या मानेवर औत कधी ठेवलं नाही आणि जन्मात ठेवणार नाही." बाई मागच्या बाकावरून हलक्या आवाजात म्हणाल्या, "बैल खोटं बोलत नाही. मालकही बोलला नाही, हे विशेष."

चैत्रातल्या एका सकाळी बेलीफ, मी आणि दोन पोलीस बैल आणायला गेलो. शेठ घरात नव्हता. त्याची म्हातारी आई म्हणाली, "न्या बाबा, पण त्याला उन्हात बांधू नका." बेलीफाला बैल कुणाच्या तरी ताब्यात द्यायचा होता. मी शेतकऱ्याचा पोर, म्हणून सांभाळायला माझी सही घेतली. कलेक्टरला मी लिंबाच्या वाळलेल्या खोडांमधल्या ताईंच्या घराच्या पडवीत बांधला. गावच्या यात्रेची शर्यत अकरा दिवसांवर होती.

बाई रोज दोन बस बदलून येत. कडबा, पेंड, माझी रोजी, सगळ्याच्या पावत्या जपत. "जप्तीचा खर्चही वसुलीत धरतात. त्याला सरकी घाला. उत्तम घाला. खाऊ दे त्याला. त्याचं काय चुकलंय?"

दुसऱ्याच दिवशी कुंपणाशी शेठ आला. त्याचा चेहरा उतरला होता. "नाकाडे," तो म्हणाला, पहिल्यांदा नीट नावाने. "त्याला पाणी कुठलं पाजतोस?"

"विहिरीचं."

"गढूळ असेल रे ते! पोट बिघडेल त्याचं. मी पाठवतो पाणी."

तासाभरात टँकर आला. दहा हजार लिटरचा, स्वच्छ, शेठने दुसऱ्याकडून विकत घेतलेला. बैल दोन बादल्या प्यायला. ड्रायव्हरने विचारलं, "बाकीचं कुठे ओतू, आज्जी?"

हा ड्रायव्हर त्या दिवशी हसणाऱ्यांतला होता. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "विहिरीत."

तो पाइप विहिरीत सोडून मोकळा झाला. पाणी दगडांवरून धो धो पडत होतं. बाई काठावर उभ्या होत्या, पदर भिजला तरी हलल्या नाहीत. टँकर रिकामा झाला तसा त्यांनी टेपला खडू लावला. "चौदा इंच," त्या म्हणाल्या. "लिहा, नाकाडे. तात्याशेठकडून पाणी आलं, चौदा इंच. आज पाण्यावर नाव लिहिलेलं आहे."

नऊ दिवस नऊ टँकर आले. आम्ही रोज मोजायचो. संध्याकाळी चौदाचे अकरा इंच राहत, सकाळी चार. बाकीचं खडक पिऊन टाकी. मला वाईट वाटायचं. बाईंना वाटत नसे. "पिऊ दे. त्याच्या पोटातलं काढून नेलं होतं, त्याची तहान आपल्याहून जुनी आहे. आणि उद्या आणखी एक येईल. माणूस माझ्या बहिणीला चार तास देत नाही, बैलाला टँकर देतो. ठीक आहे. ज्या भाषेत कळतं त्या भाषेत."

दहाव्या दिवशी शेठ कोर्टात आला. सगळे पैसे घेऊन. व्हरांड्यात हात जोडून म्हणाला, "बाई, परवा शर्यत आहे. ह्या शेवटच्या वर्षाचं व्याज तेवढं सोडा."

मला वाटलं, बाई त्याला फाडून खातील. त्या म्हणाल्या, "सोडते. पण ह्या गृहस्थांचा चार महिन्यांचा पगार तुमच्याकडे आहे. तो आत्ता, इथे, त्यांच्या हातात, मोजून. तुम्ही स्वतः मोजायचा. वकिलाने नाही."

"तो ह्या निकालात नाहीये, बाई!"

"व्याज आहे. बोला."

त्याने बोटाला थुंकी लावून मोजायला घेतलं. एकदा चुकला. बाई म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून." पैसे घेऊन मी बाईंच्या पाया पडायला वाकलो, तशा त्या मागे सरकल्या. "उपकार मानू नका हो. व्याज घेतलं असतं तर बँकेत पडलं असतं. मला त्याला तुमच्यापुढे मोजताना बघायचं होतं. बघितलं. माझं वसूल झालं." मग थोड्या वेळाने, बसस्टॉपवर, हळूच म्हणाल्या, "त्यातले थोडे वडिलांना पाठवा. आणि परमनंट झालो वगैरे लिहू नका. खरं लिहा, जिंकलो म्हणून."

कलेक्टर शर्यतीत कितवा आला ते मी विचारलं नाही. जाताना त्याने माझा हात चाटला होता.

पुढच्या एक तारखेला बाईंनी पोस्टकार्ड लिहायला घेतलं. मी म्हटलं, "आता काहून? पैसे तर भेटले."

"पैसे दिलेत. पाणी कुठे दिलंय?"

कार्ड पोचल्यावर शेठने फोन केला, आवाज चढवून. बाई शांतपणे म्हणाल्या, "त्या रेघेला भर मे महिन्यात पाणी लागलं की शेवटचं कार्ड. तोवर कळवत राहीन. आपल्याला काळजी असेल ना." पावसाळ्यात विहीर भरून पाणी रेघेच्या वर यायचं. तेव्हा कार्ड जाई: "पाणी रेघेच्या वर एक फूट. पावसाचं आहे. आपलं नाही."

मला त्यांनी टेप लावायला शिकवलं, आकडे मांडायला शिकवलं, तक्ते ओढायला शिकवलं. आज वाघोलीतल्या सहा सोसायट्यांच्या विहिरी आणि पंप माझ्याकडे आहेत. माझं अक्षर बघून त्या म्हणत, "आकडा वाचता येतोय. अक्षर देवाने बघून घ्यावं." मग पाटी-पेन्सिल आणून गिरवून घेत. पन्नाशीकडे झुकलेला माणूस मी, वारज्याच्या त्या टेबलावर बाराखडी घोटत बसायचो.

मागच्या मे महिन्यात त्या दवाखान्यात होत्या. श्वास लागत होता. मी विहिरीवरून थेट गेलो. नळ्या बाजूला सारत त्यांनी विचारलं, "आज किती?"

वाटेत बसमध्ये मी ठरवलं होतं, सांगू की रेघेला लागलं. एवढ्या माणसाला सुखाने जाऊ द्यावं. तोंड उघडलं, पण जमलं नाही. "रेघेच्या खाली अकरा फूट दोन इंच, बाई."

"गेल्या मेमध्ये बारा दहा होतं," त्या म्हणाल्या. "येतंय. त्याने भराभर उपसलं, खडक सावकाश देणार. म्हणजे अजून बरीच वर्षं आहेत." आणि मी त्यांच्या तोंडावर जे समाधान पाहिलं, ते पाणी रेघेला लागलं असतं तरी दिसलं नसतं.

चार दिवसांनी त्या गेल्या. जमीन एका लांबच्या भाच्याच्या नावावर झाली. तो परदेशात असतो, म्हणाला, विहिरीचं तुम्हीच बघा. माझ्यासाठी बाईंनी एक पिशवी ठेवली होती. आत लोखंडी टेप, खडूचा डबा आणि दोऱ्याने बांधलेला कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा. कोरी नव्हती ती. प्रत्येकावर तात्याशेठचा पत्ता लिहिलेला होता, बाईंच्या अक्षरात. मी मोजली. एकशे चव्वेचाळीस.

एक तारखेला मी विहिरीत टेप सोडला, आकडा लिहिला, कार्ड पेटीत टाकलं आणि बोटं घालून चाचपलं.

चौथ्या दिवशी शेठचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "नाकाडे, बाई वारल्या ना रे? मग हे अक्षर... हे कोण पाठवतंय?"

"आकडा माझा हाय, शेठ," मी म्हणालो. "पत्ता त्यांचा."

त्याने पत्ता पुन्हा एकदा मोठ्याने वाचला. मग म्हणाला, "अजून किती आहेत?"

मी खरा आकडा सांगितला. बाईंनी खोटं सांगायची सवय लावली नाही. पण एक सांगायचं राहिलं ते इथे सांगतो. गठ्ठा संपल्यावर पाणी रेघेला लागलं नसेल, तर म्हणून मी आत्तापासूनच रोज रात्री जेवण झाल्यावर त्यांचं एक कार्ड समोर ठेवून तो पत्ता गिरवतो. बाकी सगळं जमलंय. फक्त वाघोलीतला 'घ' त्यांचा पोटात जरा जास्त गोल यायचा. सराव चालू आहे.